घरच्या नेटची तेरीज

व्यापाराच्या घरात वाढलेल्या मुलांच्या अंगी एक शिस्त आपोआप येते. महिनाअखेरीस तेरीज जुळली नाही, तर फरक शोधून काढायचा. कुठेतरी एखादा आकडा घुसवून तो बुजवायचा नाही. माझे वडील खोपोलीतील आमच्या धान्याच्या दुकानाची किर्द-खतावणी स्वतः लिहीत असत. फरक निघाला की ते चिडत नसत, कोणाला बोल लावत नसत. दिवा जवळ ओढून घेत आणि आधी त्या फरकाकडेच नीट पाहत. त्याला ९ ने निःशेष भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ५४ चे ४५ लिहिले गेले असावेत. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का ते पाहायचे. एवढ्यानेही हाती काही लागले नाही, तर महिन्याचे दोन भाग करायचे. पहिला पंधरवडा जुळला, तर दोष दुसऱ्यात. मग त्याचे पुन्हा दोन भाग. ‘फरक कुठून आला ते तो स्वतःच सांगतो,’ असे ते म्हणत. ‘आपण त्याला बोलू द्यायचं.’

वडिलांची ही शिकवण गेल्या पावसाळ्यात मला अशा कामी आली, की त्यांना सांगितले असते तर ते हसले असते. आमच्या कर्जतच्या घरातील वाय-फाय वारंवार बंद पडत होते, आणि त्याचा फरक काही केल्या सापडत नव्हता.

आमचे घर बाजारपेठेत आहे. खाली हार्डवेअरचे दुकान, त्याला लागून गोदाम, वर राहते घर. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट रुंद. वर सागवानी तुळया आणि पत्र्याचे छप्पर. नेटची तार रस्त्यावरच्या खांबावरून दुकानाच्या दर्शनी बाजूने आत येते आणि गादीशेजारच्या फळीवर राऊटरची पेटी आहे. त्या एका पेटीवर किती जणांचा भार आहे, हे मी एकदा बोटांवर मोजले. दुकानाची बिले आणि यूपीआयची देवघेव, दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे जीएसटीचे विवरणपत्र, गोदामातले कॅमेरे, नातवाचा अभ्यास, यजमानांच्या बातम्या, माझे सकाळचे प्रवचन. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे सूनबाईंची नोकरी.

सूनबाई पुण्यातील एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात. आठवड्यातून एक दिवस घाट चढून पुण्याला जातात, बाकीचे चार दिवस वरच्या मागल्या खोलीत बसून काम होते. या सोयीवर आमचे घर एकत्र उभे आहे, असे म्हटले तरी चालेल. गेल्या जूनमध्ये चालू बैठकीत त्यांचे नेट तीनदा गेले. जुलैत पुन्हा तेच झाले, तेव्हा वरिष्ठांनी सौम्य शब्दांत सांगितले, की दिवाळीपर्यंत काही सोय होत नसेल, तर रोज कार्यालयात यावे लागेल. त्या रात्री मुलगा वडिलांशी हलक्या आवाजात बोलत होता. पुण्याला भाड्याची जागा, नातवाची नवी शाळा, शनिवार-रविवार कर्जत, असे शब्द जिन्यापर्यंत ऐकू आले. दुकान मग यजमानांनी आणि धाकट्या भावोजींनी किती वर्षे ओढायचे, हा प्रश्न कोणी उच्चारला नाही.

घरात उपायांना तोटा नव्हता. यजमान म्हणाले, “कंपनीच बदला.” भावोजी रोज केबलवाल्याला फोन करून आवाज चढवीत. मुलाने आठ हजारांचा नवा राऊटर पाहून ठेवला होता. नातू तर नेट गेले की धावत जाऊन पेटीचे बटण बंद-चालू करी आणि दोन-तीन मिनिटांनी नेट परतले की विजयी मुद्रेने वर येई. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. पण हे सारे उपाय दोष कुठे आहे ते कळण्याआधीचे होते. मी एवढेच म्हटले, “पंधरा दिवस मला द्या. काही बदलू नका, काही विकत आणू नका. नेट गेलं की मला हाक मारा, मी लिहून ठेवीन.”

दुधाच्या हिशेबाची एक कोरी वही होती. तिच्यात रकाने आखले: तारीख, वेळ, कोणाचे नेट गेले, कोणत्या खोलीत, बाकीच्यांचे चालू होते का, वीज होती का, पाऊस-वारा कसा होता, पेटीवरचे दिवे कसे होते आणि नेट किती वेळाने आले. नातवाला एकच ताकीद दिली: आधी दिवे वाचायचे, मग बटणाला हात लावायचा. पेटी बंद करून चालू केली की तिची स्मृती पुसली जाते, ती नव्याने जोडणी करते आणि पुष्कळदा काम चालू होते. पण बंद का पडली होती त्याची खूणही तिच्याबरोबर पुसली जाते. वडील चुकलेला आकडा कधी खरवडत नसत. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहीत, म्हणजे चूक काय होती ते वाचता येई.

आता पेटीविषयी थोडे. आपण सर्रास ‘वाय-फाय गेले’ म्हणतो, पण वाय-फाय हा त्या वाटेचा फक्त शेवटचा टप्पा आहे. बाहेरून येते ती काचेची बारीक तार. तिच्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो, आणि तो डोळ्यांना न दिसणारा असतो. म्हणून निघालेल्या तारेच्या टोकात कधीही डोकावू नये. दुसरा टप्पा पेटी. ती त्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते, आणि त्यासाठी तिला ॲडॅप्टरमधून अखंड वीज लागते. तिसरा टप्पा हवेतला: पेटीपासून आपल्या फोनपर्यंत. या तिन्हींपैकी कुठेही खंड पडला, तरी हातातल्या फोनवर दिसते ते एकच, चक्र गरगर फिरत राहते. तीन वेगळ्या दुखण्यांना आपण एकच नाव देतो आणि मग एकाच औषधाने ती बरी होत नाहीत म्हणून वैतागतो.

पेटीवरचे दिवे मात्र या टप्प्यांची वेगवेगळी साक्ष देतात. आमच्या पेटीवर पहिला दिवा विजेचा. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला, की बाहेरच्या केंद्राशी जोडणी ठीक आहे. ‘लॉस’ लिहिलेला दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल लुकलुकू लागला, की काचेच्या तारेतून प्रकाशच पोहोचत नाही. पुढचा दिवा वाय-फायचा. निरनिराळ्या पेट्यांवर नावे थोडी वेगळी असतात, पण लाल दिव्याचा अर्थ बहुधा हाच. हे एवढे चार दिवे घरातल्या प्रत्येकाला वाचता यावेत.

पंधरा दिवसांत वहीत एकतीस नोंदी झाल्या. सोळाव्या दिवशी रात्री मी आणि सूनबाई वही घेऊन बसलो. त्या हिशेबातल्या, त्यामुळे सांगावे लागले नाही. त्यांनी तीन रंगांच्या पेन्सिली काढल्या आणि सारख्या नोंदींना सारखा रंग दिला. काही मिनिटांतच स्पष्ट झाले, की आमच्या घरात नेट एका कारणाने जात नव्हते. तीन फरक एकमेकांत मिसळून एक मोठा, न जुळणारा फरक दिसत होता.

पहिल्या रंगाच्या नोंदींमध्ये नेट सर्वांचेच एकदम जाई आणि बरोबर दोन-तीन मिनिटांनी आपोआप येई. पेटी नव्याने सुरू व्हायला तेवढाच वेळ घेते. विजेचा रकाना पाहिला, तर प्रत्येक वेळी त्याच मिनिटाला वीज गेली होती किंवा परत आली होती. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात हे नवे नाही. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. पण आमच्या बाजारपेठेत जोराची सर आली की दिवे डोळे मिचकावतात ते मिचकावतातच. घरात इन्व्हर्टर असल्याने पंखा थांबत नसे, म्हणून विजेचा आणि नेटचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नव्हता. इन्व्हर्टरला विजेवरून बॅटरीवर जाताना निमिषाचा एक अंश लागतो. पंखा तेवढ्यात थांबत नाही. चांगला ॲडॅप्टरही आत साठवलेल्या विजेवर तेवढा क्षण तरून नेतो. आमचा ॲडॅप्टर सहा वर्षांचा झाला होता आणि हात लावला तर चटका बसेल इतका तापत होता. त्याच्यात ते बळ उरले नव्हते.

यावर उपाय स्वस्त निघाला. पेटीवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून तितक्याच व्होल्टचा नवा ॲडॅप्टर आणला आणि मध्ये राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवला. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा थोडे अधिक चालतात. पिन बसते म्हणून दुसऱ्या यंत्राचा ॲडॅप्टर लावू नये. आणखी एक काळजी: विजा कडाडू लागल्या की ॲडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमधून काढून ठेवावा. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नसली, तरी विजेचा झटका घरच्या वायरिंगमधून पेटीपर्यंत पोहोचू शकतो.

दुसऱ्या रंगाच्या नोंदी फक्त वरच्या मागल्या खोलीच्या होत्या. खाली गादीवर सर्व सुरळीत, पेटीवरचे सगळे दिवे हिरवे, आणि वर सूनबाईंचा आवाज मात्र तुटक. इथे आम्ही वडिलांची वही दुभागण्याची रीत वापरली. सूनबाईंचा लॅपटॉप खाली आणून आधी तारेने थेट पेटीला जोडला. आमची जोडणी १०० एमबीपीएसची. वेग ९४ आला. म्हणजे बाहेरची तार आणि पेटी दोन्ही निर्दोष. तार काढून तिथेच बसून वाय-फायने मोजला, ८८. जिन्याच्या पायथ्याशी ४०. जिन्याच्या वळणावर १७. मागल्या खोलीत ४. आकडे पायरीपायरीने उतरत होते आणि दोष घरातल्या हवेतच, पेटी आणि खोली यांच्या मधे होता, हे त्यांनीच सांगितले.

त्या वाटेत काय काय होते, ते मग आम्ही पाहिले. दोन फुटी दगडी भिंत, जुन्या वह्यांचे लोखंडी कपाट आणि माळ्यावरची पाण्याची टाकी. धातू या लहरींना परतवून लावतो, पाणी त्या शोषून घेते आणि जाड दगड त्यांचे त्राण काढून घेतो. मनात साहजिकच येते, की बिनतारी संदेश तर समुद्र ओलांडतात, मग याला एक भिंत का जड व्हावी? १९२७ च्या जुलै महिन्यात आपल्या या घाटाच्या पलीकडून, पुण्याजवळच्या खडकीहून आणि दौंडहून, इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली होती. खडकीहून संदेश जात, दौंडला ते येत. पण तिथे उंच मनोरे होते, प्रचंड शक्ती होती आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणाऱ्या लांब पल्ल्याच्या लहरी होत्या. आपल्या पेटीची शक्ती साधारण एक दशांश वॅट, रात्रीच्या मंद दिव्याहूनही कमी. ती मुद्दामच कमी ठेवलेली असते. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, तो शक्तीच्या मर्यादेतच. नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संदेश एकमेकांत मिसळले असते.

पेटीतून दोन पट्टे निघतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब; ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिच्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहून लहान. वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी. आमच्या फोनांना आणि लॅपटॉपला दोन्ही पट्टे एकाच नावाने दिसत आणि जिन्यावर ते एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत. बैठकीतला आवाज तुटे तो बहुधा त्या उडीच्या क्षणी.

मुलाने वर्षभरापूर्वी एक छोटा रिपीटर आणून मागल्या खोलीतच लावला होता. त्याचा उपयोग का झाला नाही, हे कर्जतकरांना मी एका वाक्यात सांगू शकते. आपल्या स्टेशनावर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने लागतात, ती चढ सुरू होण्याआधी. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हापासून हा १ : ३७ चा चढ गाड्यांची परीक्षा घेतो आहे, गाडी अर्ध्या घाटात थकून उभी राहिल्यावर मागून इंजिन जोडायचे कोणी मनातही आणत नाही. मागल्या खोलीत पोहोचणारा संदेशच मरगळलेला होता. रिपीटर त्या मरगळीचीच पुनरुक्ती करीत होता. आम्ही पेटीपासून जिन्याच्या कडेने साधी लॅनची तार वर नेली आणि तिच्या टोकाला, मागल्या खोलीच्या दाराशी, दुसरे वाय-फाय यंत्र बसवले. दगडी भिंत आता संदेश तारेतून ओलांडतो आणि हवेतून त्याला फक्त खोलीच पार करायची असते. त्या खोलीत आज वेग ८० च्या आसपास मिळतो. ज्यांना तार नेणे शक्य नाही, त्यांनी रिपीटर पेटी आणि खोली यांच्या मध्यावर, संदेश अजून दमदार असेल तिथे ठेवावा. पेटी स्वतः उंच जागी, मोकळी आणि घराच्या मध्याजवळ असावी. कपाटात, टीव्हीच्या मागे, आरशाजवळ किंवा ओव्हनशेजारी नसावी.

तिसऱ्या रंगाच्या नोंदी सर्वांत कमी होत्या, सात. पण त्याच सर्वांत त्रासाच्या. त्या वेळी लाल दिवा लुकलुकत असे, नेट सर्वांचे जाई, कधी दहा मिनिटे, कधी दोन तास. वीज असे. केबलवाल्यांचा मुलगा दोनदा येऊन गेला होता, पण तो येईपर्यंत दिवा हिरवा झालेला असे आणि त्याच्या मीटरवर सर्व ठीक दिसे. त्याचा यात काय दोष? उतरलेल्या तापाचे निदान वैद्य कसे करणार? पाऊस-वाऱ्याचा रकाना पाहिला. सातपैकी पाच वेळा मी लिहिले होते, ‘वारा फार’. पाऊस मात्र दोनदाच होता. म्हणजे पाणी कारण नव्हते, वारा होता.

पुढच्या वेळी मी फोनवर एवढेच सांगितले: “भाऊ, लाल दिवा फक्त वारा सुटला की लागतो. आज दुपारपासून वारा आहे. जमलं तर आत्ताच या.” तो तासाभरात आला. पेटीशी येणाऱ्या प्रकाशाचे माप त्याने घेतले. हे माप उणे अंकांत असते. उणे २७ च्या आसपासच्या मर्यादेपलीकडे गेले की पेटीची जोडणी सुटू लागते. आमचे माप उणे २० आणि उणे २९ यांच्यामध्ये हेलकावे खात होते. त्याने तारेचा मागोवा घेत मान वर केली आणि हसला. दरवर्षी मृगाच्या आधी गडी दुकानाच्या दर्शनी बाजूला झडीसाठी ताडपत्री बांधतात. तिची एक दोरी या वर्षी नेटच्या तारेवरून घेऊन खुंटीला आवळली गेली होती. वाऱ्याने ताडपत्री फुगली की दोरी ताणे, तार कोपऱ्यावर काटकोनात वाके आणि वाकलेल्या काचेतून प्रकाश बाहेर सांडे. वारा पडला की सगळे पूर्ववत. काचेची तार तुटली नाही तरी तीव्र वळणाने मुकी होते, हे मला तेव्हा समजले. दोरी सोडवून दुसऱ्या खुंटीला बांधली आणि तार एका मोठ्या गोल वळणाने आत घेतली. खर्च शून्य. लाल दिवा त्यानंतर एकदाच दिसला, आणि तो रस्त्याच्या खोदकामामुळे साऱ्या बाजारपेठेचाच होता.

खोपोलीला माझी धाकटी बहीण राहते. ही हकिगत ऐकून तिने लगेच छोटा यूपीएस मागवायला घेतला. मी म्हटले, “थांब, आधी वही कर.” तिची नोंद अगदी निराळी निघाली. रात्री आठ ते अकरा, दिवे सर्व हिरवे, नेट जात नाही पण रांगते. तारेने जोडले तर मात्र पूर्ण वेग. तिची सदनिका तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या संकुलात. भिंती विटांच्या, पातळ. तिच्या फोनवर शेजाऱ्यांची सव्वीस वाय-फाय नावे दिसत होती. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना न खेटणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. जेवणे आटोपून सगळे संकुल फोन घेऊन बसले की त्या तीन वाटांवर बाजार भरे. भाच्याने पेटीच्या मांडणीत जाऊन दोन्ही पट्ट्यांना निराळी नावे दिली, टीव्ही आणि फोन ५ च्या पट्ट्यावर नेले आणि २.४ ला त्यातल्या त्यात मोकळी वाट ठरवून दिली. पैसा न खर्चता काम झाले. कर्जतच्या घरात भिंत आडवी येत होती, खोपोलीच्या घरात शेजार. आमचे औषध तिला लागू पडले नसते.

सुज्ञ वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांची दुकाने आणि घरे आता या एका तारेला बांधलेली आहेत, म्हणून हे विस्ताराने लिहिले. आपल्या घरी नेट जाऊ लागले, तर क्रम साधा आहे. एकाचे गेले की सर्वांचे, ते विचारा. एकाचेच गेले असेल, तर दोष त्या फोनात किंवा त्या जागेत. सर्वांचे गेले असेल, तर दिवे वाचा. लाल असेल तर दोष घराबाहेरच्या तारेत. केबलवाल्याला वेळ आणि हवामान सांगून बोलवा. दिवे हिरवे असतील, तर तारेने जोडून पाहा. तारेवर ठीक आणि हवेत मंद, तर पेटीची जागा, भिंत किंवा गर्दी तपासा. दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर वीज आणि ॲडॅप्टर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. आणि जो तरुण पावसात खांबावर चढून तार जोडतो, त्याच्याशी आवाज चढवण्यापेक्षा त्याच्या हाती नोंदींचा कागद आणि चहाचा पेला द्यावा. दोन्हींचा उपयोग होतो.

दिवाळी आली आणि गेली. सूनबाईंच्या वरिष्ठांनी पुन्हा विषय काढला नाही. आठवड्यातून एक दिवस त्या घाट चढतात, बाकीचे दिवस मागल्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकू येतो. मुले कायम इथेच राहतील अशा भ्रमात मी नाही. नातवाचे शिक्षण आहे, मुलाच्या मनात दुकान वाढवण्याचे विचार आहेत; उद्या ती पुण्याला गेली, तर मी त्यांचे डबे भरून देईन. पण घर सोडायचे तर त्याला खरे कारण असावे. एका ताडपत्रीच्या दोरीपायी सोडावे लागू नये, एवढेच मला वाटत होते.